लस दिल्यानंतर गावात कावीळ किती उरते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे विषाणूजन्य यकृतदाहाविषयी, म्हणजे ज्याला आपण सरसकट कावीळ म्हणतो त्या आजाराविषयी आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर अकरा वर्षे आरोग्यसेविका आहे. माझ्याकडच्या नऊ पाड्यांपैकी चार पाड्यांवर पावसाळ्यात पायीच जावे लागते. बाळांना लस वेळेवर मिळावी म्हणून आशाताई आणि मी मिळून जिवाचे रान करतो. तरीही गेल्या वर्षभरात गरोदर मातांच्या रक्ततपासणीत तीन जणींचा हेपॅटायटिस बीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. लोक विचारतात, ‘इतकी वर्षे सुया टोचता, मग हा आजार गेला का नाही?’ मला नीट उत्तर देता येत नाही. दुर्गम भागात लसीकरणानंतर हा आजार खरोखर किती कमी होतो, याचा कुठे हिशेब झाला आहे का?

उत्तर : ताई, असा हिशेब झाला आहे. तो आपल्या पाड्यांहूनही दुर्गम भागात झाला आहे आणि चार दशके सलग ठेवला गेला आहे. त्याकडे वळण्याआधी आपण त्या तीन मातांची वये नोंदवहीत पाहावीत. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात हेपॅटायटिस बीची लस २००२-०३ मध्ये काही निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात आली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत पोहोचली आणि २०११-१२ मध्ये देशभर लागू झाली. आज जी माता पंचवीस वर्षांची आहे, तिच्या जन्माच्या वेळी ही लस सरकारी कार्यक्रमात नव्हतीच. त्यामुळे तिचा अहवाल पॉझिटिव्ह येण्यावरून आपण टोचलेल्या लसीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आपली लस ज्यांना मिळाली ती मुले आज शाळेत आहेत, आणि लसीचा हिशेब मांडायचा तर तो त्यांच्या रक्तात मांडावा लागेल.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. एका वर्षात किती जणांना नव्याने संसर्ग झाला, ही एक संख्या. आणि आजच्या दिवशी गावात किती जणांच्या शरीरात विषाणू आहे, ही दुसरी. लस पहिली संख्या लवकर खाली आणते. दुसरी संख्या मात्र फार सावकाश उतरते, कारण ज्याच्या यकृतात हा विषाणू लहानपणीच ठाण मांडून बसला आहे, त्याच्या शरीरातून त्याला बाहेर काढण्याचे सामर्थ्य लसीत नाही. असे वाहक बहुधा आयुष्यभर वाहक राहतात. हेपॅटायटिस बीची लागण जन्मतःच झाली, तर शंभरातील सुमारे नव्वद बाळे कायमची वाहक होतात. पाच वर्षांच्या आतील मुलांमध्ये हे प्रमाण साधारण तिसाच्या आसपास असते. प्रौढपणी लागण झाली, तर शंभरात पाचांहूनही कमी लोक वाहक होतात. याचीच दुसरी बाजू अशी, की लहान मुलाला लागण झाली तरी त्याला बहुतेक वेळा कावीळ होत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, मूल खेळत राहते आणि घरात कोणालाही काही कळत नाही. म्हणून ‘आमच्या गावात लहान मुलांना कावीळ होत नाही’ या समाधानाला या आजाराच्या बाबतीत काही अर्थ नाही. कावीळ मोजून हेपॅटायटिस बी मोजता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

आता आपण विचारलेला हिशेब. अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या नैर्ऋत्येला युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात युपिक या आदिवासी समाजाची छोटी छोटी गावे विखुरलेली आहेत. बेथेल हे त्या मुलखाचे मुख्य ठाणे. गावांना जोडणारे रस्ते नाहीत. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून बर्फावर चालणाऱ्या गाडीने आणि एरवी लहान विमानाने जावे लागते. लसीच्या आधीच्या काळात या मुलखात हेपॅटायटिस बी इतका पसरलेला होता, की काही गावांत वाहकांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांत मोडत होते. यकृताचा कर्करोग हा सहसा उतारवयाचा आजार, पण तेथे तो वीस वर्षांच्या आतील मुलामुलींमध्येही दिसत असे.

तेथील मुलांना लागण कशी होत होती, हे १९७० च्या दशकात दोन दुर्गम गावांत केलेल्या पाहणीतून समजले, आणि ते आपल्याही कामाचे आहे. मुलांच्या लाळेत, त्यांच्या अंगावरच्या चिघळलेल्या पुळ्यांमध्ये, आणि मुले ज्या ठिकाणी वावरत त्या शाळेतल्या व घरातल्या पृष्ठभागांवरही विषाणूचा अंश सापडला. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. अपुरे पाणी, दाटीची घरे, एकमेकांना खेटून झोपणारी भावंडे आणि खाजवून फुटलेल्या पुळ्या, एवढे सारे जुळून आल्यावर इंजेक्शनच्या सुया किंवा रक्त चढवणे यांखेरीजही लागण होत राहते. आपल्या पाड्यांवर खरूज आणि पुळ्या किती असतात, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

१९८१ मध्ये अलास्कातील पंधरा गावांत १,५७८ आदिवासी प्रौढांना आणि सहा महिन्यांवरील मुलांना नव्यानेच तयार झालेल्या लसीचे तीन डोस देण्यात आले. तेव्हाची लस वाहकांच्याच रक्तद्रवापासून, त्यातील विषाणू निष्प्रभ करून, बनवलेली असे. जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये बनवलेली आजची लस १९८६ मध्ये आली. त्या गावांतून मिळालेला अनुभव चांगला होता. त्यानंतर १९८३ ते १९८७ या काळात राज्यभरातील आदिवासी समाजात जे काम झाले, ते लसीकरणापेक्षा मोठे होते. आधी पन्नास हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. ज्यांना पूर्वीच लागण होऊन गेली होती, जे वाहक होते आणि ज्यांना अद्याप काहीच झालेले नव्हते, असे तीन गट वेगळे केले गेले. तिसऱ्या गटातल्या सुमारे चाळीस हजार लोकांना लस मिळाली, वाहकांची कायमची नोंदवही झाली आणि प्रत्येक नवजात बाळाला जन्मतःच लस देणे सुरू झाले. माझ्या मते यशाचे खरे श्रेय या क्रमाला आहे. लस देण्याआधी गावात आजार किती आहे हे मोजलेले होते, म्हणूनच पुढे तो किती उरला हे सांगता आले. नुसती सरसकट लस टोचून पुढे गेले असते, तर गावकऱ्यांनी आपल्याला विचारलेल्या प्रश्नाला त्यांच्याकडेही उत्तर नसते.

तेथे दीर्घकाळ काम केलेले डॉ. ब्रायन मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचा पंचवीस वर्षांचा ताळेबंद २०११ मध्ये प्रसिद्ध केला. वीस वर्षांच्या आतील आदिवासी मुलांमध्ये लक्षणांसह होणारा तीव्र हेपॅटायटिस बी १९८१-८२ मध्ये दर लाखामागे १९ असा होता. १९९३-९४ मध्ये तो शून्यावर आला, आणि १९९२ नंतर असा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. याच वयोगटातील यकृताचा कर्करोग १९८४ ते १९८८ या काळात दर लाखामागे ३ होता; १९९५ ते १९९९ या काळापर्यंत तोही शून्यावर आला. मला सर्वांत बोलकी वाटते ती मात्र तिसरी नोंद. १९८७ मध्ये वीस वर्षांच्या आतील ६५७ वाहक मुले त्या नोंदवहीत होती. २००८ मध्ये त्या वयाची वाहक मुले दोनच उरली होती.

या ६५७ मुलांचे काय झाले, हे गावकऱ्यांना आवर्जून सांगावे. ती मुले लसीने बरी झाली नाहीत. ती मोठी झाली, विशी ओलांडून गेली, आणि त्यांतली बहुतेक आजही वाहक असतील. फरक एवढाच पडला, की त्यांच्यामागून जन्मलेल्या भावंडांत आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलांत नवे वाहक तयार झाले नाहीत. त्या काळात तेथे कोणी सर्व वयांच्या लोकांची एकत्रित तपासणी केली असती, तर प्रौढांमध्ये वाहक सापडतच राहिले असते आणि वरवर पाहणाऱ्याला लस फसली असेच वाटले असते. वयाप्रमाणे आकडे वेगळे काढले, की कोणत्या वर्षी लस आली हे त्या आकड्यांवरूनच ओळखता येते.

आपल्या देशातलाही एक अनुभव येथे नोंदवण्याजोगा आहे. कार निकोबार बेटावरील निकोबारी समाजात वाहकांचे प्रमाण सुमारे २३ टक्के, म्हणजे जवळजवळ चार माणसांमागे एक, इतके आढळले होते. तेथे २००० मध्ये प्रायोगिक लसीकरण झाले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने ते बेट उद्ध्वस्त केले, तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पोर्ट ब्लेअर येथील केंद्रातील संशोधकांनी त्या लोकांचा मागोवा सोडला नाही. दहा वर्षांनी केलेल्या तपासणीत लस घेतलेल्या बहुतेकांमध्ये संरक्षण टिकून होते आणि समाजातील वाहकांचे प्रमाण उतरले होते. लस घेऊनही लागण झालेले लोक सापडले, पण ते थोडेच होते. लोकांना हे लपवून न ठेवता सांगावे. शंभरातल्या काही जणांत लस कमी पडते असे आपणच आधी सांगितले, तर असा एखादा रुग्ण निघाल्यावर बाकीच्यांचा विश्वास उडत नाही.

आता आपल्या हातातले काम. हेपॅटायटिस बीची लस जिच्यात असते ती पेंटाव्हॅलेंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. परंतु माता वाहक असेल, तर बाळाला लागण होते ती बहुधा प्रसूतीच्या वेळी, म्हणजे त्या तीन डोसांच्या कितीतरी आधी. ती रोखतो तो जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिलेला डोस, ज्याला आपण बर्थ डोस म्हणतो. घरी झालेल्या बाळंतपणात तोच राहून जातो. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणातही कधी कधी तो राहतो, कारण दहा डोसांची कुपी एका बाळासाठी उघडली तर उरलेली वाया जाईल अशी भीती कर्मचाऱ्यांना असते. ही भीती अनाठायी आहे. भारताच्या उघड्या कुपीविषयीच्या धोरणानुसार, थंड साखळी आणि स्वच्छता पाळलेली असेल, कुपीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असेल, लसीची मुदत संपलेली नसेल आणि कुपीवरचा तापदर्शक बिल्ला वापरण्याजोगा असेल, तर हेपॅटायटिस बीची उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते. लस गोठली तर मात्र ती निकामी होते, हे शीतकपाट हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. उष्णतेपेक्षा गोठणे या लसीला अधिक घातक आहे.

त्या तीन मातांच्या बाळंतपणाची जागा आताच ठरवा. जिल्हा रुग्णालयात त्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासून घ्यावे. ते फार असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर ही गोळी देतात, म्हणजे बाळाकडे जाणारा विषाणू कमी होतो. बाळाला जन्मानंतर शक्यतो बारा तासांच्या आत एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) इंजेक्शन द्यावे लागते. त्यानंतर माता बाळाला अंगावर पाजू शकते, तिला अडवू नये. बाळ नऊ महिन्यांचे होऊन गेल्यावर त्याचे रक्त तपासून घेतले, तर आपल्या उपकेंद्रापुरता लसीचा हिशेब तेथूनच सुरू होईल. आणि लोकांना उत्तर द्यायचे, तर त्या मातांच्या याआधीच्या, लस मिळालेल्या मुलांच्या तपासणीचा आग्रह वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे धरावा. आई वाहक आहे आणि मूल मोकळे आहे, हे त्या पाड्यावर डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिला बाळपणी हेपॅटायटिस बीचे सर्व डोस दिले होते. महाविद्यालयाने प्रतिपिंडांची तपासणी करायला सांगितली, तेव्हा तिची पातळी दहापेक्षा कमी निघाली. याचा अर्थ लसीचा परिणाम संपला असा होतो का? सर्वांनीच काही वर्षांनी पुन्हा डोस घ्यावा का? — एक पालक, पिंपरी

उत्तर : पातळी दहाच्या खाली जाणे आणि संरक्षण संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा हा आकडा दर मिलिलिटर रक्तद्रवात दहा मिली-आंतरराष्ट्रीय एकक असा मोजला जातो. लस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांत पातळी त्यावर गेली, म्हणजे लस लागू पडली असे मानतात. पुढे वर्षे जातात तशी ही पातळी उतरतेच, आणि अगदी तान्हेपणी लस घेतलेल्यांमध्ये ती लवकर उतरते. परंतु शरीराची स्मरणशक्ती प्रतिपिंडांबरोबर नाहीशी होत नाही. विषाणू पुन्हा समोर आला, की त्याला ओळखणाऱ्या पेशी काही दिवसांत नवी प्रतिपिंडे तयार करतात. आणि हेपॅटायटिस बी शरीरात शिरल्यापासून आजार प्रकट व्हायला दीड ते सहा महिने लागत असल्याने त्यांना पुरेसा अवधी मिळतो.

याचा पुरावा पुन्हा अलास्कातल्याच त्या पंधरा गावांतून मिळतो. १९८१ मध्ये लस घेतलेल्या आणि मध्यंतरी एकही वाढीव डोस न घेतलेल्या २४३ जणांची तीस वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा १२५ जणांची, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक लोकांची, पातळी दहा किंवा त्याहून अधिक होती. उरलेल्यांपैकी ८५ जणांना एक डोस देऊन पाहिला. त्यांतल्या ७५ जणांच्या शरीराने लगेच साद दिली. दोन्ही मिळून हिशेब केला, तर दहापैकी नऊ किंवा अधिक लोकांमध्ये तीस वर्षांनंतरही संरक्षण शिल्लक होते. ज्यांची पहिली पातळी उंच गेली होती, त्यांची तीस वर्षांनीही उंच राहिली. इतका दीर्घ मागोवा घेता आला याचे एक कारण असे, की ही माणसे गावातच राहिली आणि संशोधकही पुन्हा पुन्हा तेथे जात राहिले. दुर्गमपणाचा हा एक उपयोग मला लक्षणीय वाटतो.

म्हणून निरोगी माणसांनी ठराविक वर्षांनी सरसकट वाढीव डोस घेण्याची गरज नाही. आपल्या मुलीचे तसे नाही, कारण तिचा रोज सुयांशी आणि रक्ताशी संबंध येणार आहे, आणि तिचे शरीर साद देते की नाही हे आधीच माहीत असलेले बरे. तिला आता एक डोस द्यावा आणि एक-दोन महिन्यांनी पातळी पुन्हा तपासावी. ती दहावर गेली, तर स्मरणशक्ती शाबूत आहे आणि पुढे काही करायला नको. नाही गेली, तर उरलेले दोन डोस घेऊन तीनांची मालिका पूर्ण करावी आणि पुन्हा तपासणी करावी. तरीही पातळी वर आली नाही, तर तिला स्वतःलाच लागण झालेली नाही ना, हे एचबीएसएजी (विषाणूचे आवरणद्रव्य) आणि विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे या दोन तपासण्यांनी पाहावे लागेल. महाविद्यालयात या अहवालामुळे तिला कोणी कमी लेखत असेल, तर ते पूर्णपणे चुकीचे आहे. उलट, ज्यांनी तपासणीच केलेली नाही त्यांच्यापेक्षा ती अधिक सुरक्षित आहे.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या गावात काविळीची साथ आली. शाळेतल्या मुलांना हेपॅटायटिसची लस दिलेली असतानाही त्यांतल्या अनेकांना कावीळ झाली. असे कसे झाले? — एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : मुलांना मिळालेली लस हेपॅटायटिस बीची आहे, आणि पावसाळ्यातली साथ बहुधा ए किंवा ई या विषाणूंची असते. ते दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. त्यांच्यावर बीच्या लसीचा काहीही परिणाम होत नाही. नावे सारखी असल्याने हा गोंधळ सर्वत्र होतो. लहान मुलांत ए अधिक दिसतो आणि बहुतेक मुले आपोआप बरी होतात. ई मात्र गरोदर स्त्रियांना जिवावर बेतू शकतो, म्हणून साथीच्या काळात गावातल्या गरोदर स्त्रीचे डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर एक दिवसही थांबू नये. हेपॅटायटिस एची लस मिळते, पण ती आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. आपल्या गावात जलवाहिनी कोठे फुटून गटाराशी मिळाली आहे, हे शोधणे सर्वांत आधी आवश्यक आहे. तोवर मुलांना उकळलेले पाणीच द्यावे.

प्रश्न : माझे यजमान बेचाळीस वर्षांचे आहेत. रक्तदान शिबिरानंतर त्यांना हेपॅटायटिस बी असल्याचे कळवण्यात आले. त्यांना कधीच कावीळ झालेली नाही आणि काही त्रासही नाही. एका डॉक्टरांनी ‘विषाणू झोपलेला आहे, काही करायचे कारण नाही’ असे सांगितले. सासूबाईंनी त्यांचे ताट-वाटी वेगळी केली आहे आणि गावातल्या एका माणसाकडून औषध घ्यायचा आग्रह धरला आहे. आम्हाला दोन मुले आहेत. काय करावे? — एक वाचक, लातूर

उत्तर : ताट-वाटी आजच पुन्हा एकत्र करा. हा विषाणू एका ताटात जेवल्याने किंवा हात हातात घेतल्याने लागत नाही. त्यांचा वस्तरा, दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि नखे कापण्याचे यंत्र मात्र वेगळे असावे, आणि जखम उघडी राहू नये. आपली आणि दोन्ही मुलांची रक्ततपासणी याच आठवड्यात करा. ज्यांना लागण नाही आणि ज्यांची लस झालेली नाही त्यांना तीन डोस द्या. आपल्या यजमानांच्या आईची आणि भावंडांचीही तपासणी व्हावी, कारण बेचाळीसाव्या वर्षी सापडलेला वाहक बहुधा बाळपणीच लागण झालेला असतो, आणि मग त्याच घरात आणखी कोणी असण्याची शक्यता राहते. सासूबाईंना हे सांगताना दोष देण्याचा सूर येऊ देऊ नका. त्या काळात लस नव्हती आणि कोणाच्याही हातात काही नव्हते.

काविळीचे गावठी औषध देणाऱ्यांविषयी मला राग नाही, पण ते का लागू पडल्यासारखे दिसते हे समजून घ्यावे. ए आणि ई या विषाणूंची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात हातावरून चुन्याचे पाणी सोडले आणि ते पिवळे झाले, किंवा गळ्यात घातलेली माळ दिवसागणिक लांबत गेली, की कावीळ उतरली असे श्रेय त्याला मिळते. आपल्या यजमानांना उतरवण्यासारखी कावीळच नाही. त्यांच्या यकृतात विषाणू आहे, आणि पाल्यापासून बनवलेल्या औषधांतील काही द्रव्ये त्या यकृतालाच इजा करू शकतात. म्हणून कोणतेही झाडपाल्याचे औषध देऊ नये. दारू पूर्ण बंद असावी.

‘झोपलेला विषाणू’ हा शब्दप्रयोग मला धोकादायक वाटतो. विषाणू खरोखर शांत आहे की नाही, हे एका तपासणीवरून कळत नाही. यकृताची विकरे (एन्झाइम्स), विषाणूचे प्रमाण आणि यकृताचा कडकपणा या तपासण्या काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. अलास्कातल्या ज्या वाहकांचा उल्लेख पहिल्या उत्तरात आला आहे, त्यांच्यासाठी १९८२ पासून दर सहा महिन्यांनी अल्फा-फीटोप्रोटीन ही कर्करोगाचा सुगावा देणारी रक्ततपासणी सुरू आहे. तिच्यामुळे कितीतरी जणांचा यकृताचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा असतानाच सापडला. लसीमुळे पुढच्या पिढीत नवे वाहक थांबले म्हणून त्यांनी जुन्या वाहकांना वाऱ्यावर सोडले नाही, हे मला त्या कार्यक्रमातले सर्वांत मोठे काम वाटते. त्याच समाजातील १,२७१ वाहकांना सरासरी एकोणीस-वीस वर्षे पाहिले, तेव्हा १५८ जणांच्या रक्तातून विषाणूचे ते आवरणद्रव्य, म्हणजे जुन्या अहवालांत ज्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजन’ म्हणत ते, आपोआप नाहीसे झाले. म्हणजे आशा आहे, पण ती वर्षाला शंभरात एकाहूनही कमी. शिवाय ते नाहीसे झाल्यावर कर्करोगाचा धोका पुष्कळ घटला, तरी पूर्ण गेला नाही. त्यांच्यापैकीही काहींना पुढे कर्करोग झाला. म्हणून अहवाल निगेटिव्ह आला तरी तपासण्या सोडायच्या नाहीत.

आपल्या यजमानांनी चाळिशी ओलांडली आहे. या वयापासून दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आणि जोडीला अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी करावी. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. या कार्यक्रमात हेपॅटायटिस बीच्या तपासण्या आणि गरज पडल्यास टेनोफोव्हिरच्या गोळ्या मोफत मिळतात. आपल्या जिल्ह्यातील या कार्यक्रमाच्या उपचार केंद्रात त्यांचे नाव नोंदवा. गोळ्या सर्वांनाच लागत नाहीत. विषाणूचे प्रमाण, विकरे आणि यकृताची स्थिती पाहून ते ठरते. एकदा सुरू केल्या, तर बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, कारण अचानक बंद केल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. रक्तदान आता त्यांनी करायचे नाही. बाकी नोकरी, शेती, सण-समारंभ, मुलांना जवळ घेणे, यांतले काहीही थांबवण्याचे कारण नाही. पहिल्या तपासणीची तारीख एका वहीत लिहा, त्यापुढे सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा, आणि ती वही घरातल्या औषधांच्या डब्याजवळ ठेवा.